जनरलची साक्ष

ओमानमधल्या दुक्मच्या हॉटेलात बंदरांच्या सुरक्षेवर परिषद भरली होती, आणि अमेरिकन हवाईदलाच्या निवृत्त जनरल हॉलिसची ओळख करून देणारा गडी थांबायचं नावच घेत नव्हता. आधी फायटर पायलट, मग तळाचा प्रमुख, मग या अख्ख्या आखाताच्या आभाळाचा मालक, खांद्यावर चार तारे. एवढं कौतुक माणसाचं त्याच्या लग्नातही होत नाही. मागे कॉफीच्या टेबलाशी उभा असलेला बँक्वेट कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा मुकादम, मुनीर मात्र एकाच गोष्टीकडे कान लावून होता. आखाताची सूत्रं जनरलकडे कोणत्या वर्षी होती? ते वर्ष आलं आणि त्याने हातातला कॉफीचा थर्मास खाली ठेवला.

त्याच वर्षी त्याचा मोठा भाऊ नबील तिथल्याच सलाला बंदरातून लाँच घेऊन गेला, तो परत आलाच नाही. हत्यारांची होडी समजून अमेरिकन विमानाने उडवली, एवढं उडत उडत कळलं. मय्यतही हाती लागली नाही. तिकडे रत्नागिरीत नबीलची बायको अमीरुन्निसा तेव्हापासून ना धड सुहागन, ना धड बेवा. जमातीने समजावलं, भावांनी दटावलं, पण तिचा हेका एकच. "कुणी डोळ्यांनी बघितलान ते सांगा, मग बसते इद्दतीला." इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बेवेने परपुरुषापासून दूर, घरात काढायचे चार महिने दहा दिवस.

भाभीचं हे अधांतरी जगणं मुनीरला बघवत नव्हतं. त्याला ते डोळ्यांनी बघितलेला एक माणूस हवा होता, आणि तो माणूस मधल्या सुट्टीत त्याच्याच पुढ्यात येऊन कॉफी मागत होता.

भावाचं नाव काढलं असतं तर नोकरीच गेली असती. म्हणून त्याने मोडक्या इंग्रजीत कौतुकाचा सूर लावला. "सर, सलालासमोरची लाँच तुम्हीच बुडवलीत ना? कोणी वाचलं का?"

म्हातारा खूश झाला. "हुकूम माझाच. नाही, कोणी वाचलं नाही. पाणी शांत होईपर्यंत आम्ही पडद्यावर बघत होतो. आमच्या कामात खात्री करून घ्यावी लागते."

"थँक यू, सर," मुनीर म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. साक्षीदार मिळाला होता, तोही चार ताऱ्यांचा.

पँट्रीत जाऊन त्याने रत्नागिरीला फोन लावला. भाभीने सगळं ऐकून घेतलं.

"पाणी शांत होईपर्यंत बोलला?"

"हो भाभी. म्हणजे आता खात्रीच."

"म्हणजे हलत होतं की रे पाणी. पोहत होते ते. तुझा भाऊ खाडीत वाढलेला, तो काय लगेच बुडतो? आणि हा नुसता बघत बसला?"

हे मुनीरच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तू काय बोललास त्याला?"

"काही नाही," मुनीर म्हणाला.

"बरं केलंस. असल्याशी बोलू नये." तिचा आवाज आता कुठे फाटला. "बसते मी इद्दतीला. उठेपर्यंत फोन करू नको, मुनीर. दीर झालास तरी तू परका पुरुष."

फोन बंद झाला. आपण त्याला 'थँक यू' म्हणालो, हे खरं सांगायला मुनीरला आता कोणी उरलं नव्हतं.