जस्ताचा ठोकळा

“रखमाजी, हा ठोकळा पार सडलाय. काढून टाका.”

राजूरकडच्या धरणावरची लाँच काठावर ओढून घेतली होती. तिच्याखाली उताणे पडून तिचे चालक, माझे वडील अण्णा, पंख्यावरचं शेवाळ काथ्याने घासत होते. नवे ओव्हरसियर साहेब वाकून बघत होते. साल एकाहत्तर.

“सडू द्या, साहेब. पंखा बिडाचा, दांडा पितळी. पान्यात दोघांचं पटत न्हाई, पितळापायी बीड झिजतं. शेजारी जस्त लावलं की आदी जस्त झिजतं.”

“पंख्याला रंग द्या. तेवढं पुरे.”

बाजाराला निघालेली झुंबरबाई पाटी टेकवून बसली होती. “आरं रखमा, रंग कशाला? हळदच लाव, लगीन लावून टाकू पंख्याचं!”

अण्णा हसले. मग पाना घेऊन त्यांनी ठोकळा काढला.

रंगाचे पोपडे निघाले. आषाढात भर पाण्यात पंख्याचं पातं तुटलं. चौदा माणसं वल्ह्यांवर कशीबशी काठाला लागली. त्यांतली झुंबरबाई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

चौकशीला मोठे साहेब आले. मी अण्णांचा डबा घेऊन गेले होते. आज लाँच त्यांच्या हातून जाणार का, एवढाच प्रश्न होता.

“ठोकळा कुणी काढला?”

“म्या.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

ओव्हरसियर साहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

“पाना माझ्या हातात हुता,” अण्णा म्हणाले.

त्यांना पहाऱ्यावर टाकलं. लाँच त्यांनी पुन्हा कधी चालवली नाही.

“खरं का नाही सांगितलं?” घरी मी चिडून विचारलं.

“पोरगं हाय त्ये. त्याला अजून लई धरनं बघायचीत.”

यंदाच्या श्रावणात अण्णा गेले. लोक त्यांच्याविषयी बोलतात तेव्हा मला त्या पावसाळ्यातली एक सकाळ दिसते. ओव्हरसियर साहेब आमच्या दारात उभे होते.

“रखमाजी, मी त्या दिवशी...”

“आत या. नवा पंखा आला का?”

“आलाय.”

“मग बसा.”

बॅटरीच्या संपलेल्या सेलांचं जस्त अण्णांनी चुलीवर लोखंडी पळीत वितळवलं. आई म्हणाली, “पळी गेली माझी.” अण्णांनी पळी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती नव्या ठोकळ्याच्या साच्यावर एकदम कलती केली. अण्णांनी त्यांचं मनगट खालून धरलं.

“हळू,” ते म्हणाले. “धार तुटू देऊ नका.”