चारशे बारा घरांचा फोन

घंटा वाजली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर एकानेही खुर्ची सोडली नाही. कुणी कानांवर हात ठेवले, कुणी हातातला चहा आधी संपवला, आणि मोठ्या साहेबांनी तर केबिनचं दार उघडून ओरडून सांगितलं, "अरे, ती बंद करा कुणीतरी, मी फोनवर आहे!"

आगीचा सराव होता. इमारत रिकामी व्हायला एकोणीस मिनिटं लागली, त्यात सात जण लिफ्टने उतरले. तपासायला आलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याने खाली एकच साधा प्रश्न विचारला, "आत कुणी राहिलंय का?" कुणी दोन म्हणालं, कुणी पाच.

कंपनीचं काम होतं घरी असलेल्या रुग्णांना ऑक्सिजनची यंत्रं आणि सिलिंडर पुरवायचं. अशी चारशे बारा घरं होती. यंत्र कुरकुरलं, सिलिंडर संपत आला, की घरची माणसं एकच नंबर फिरवायची. तो नंबर या इमारतीत वाजायचा. इमारतच बंद पडली तर त्या घरांनी कुणाला हाक मारायची, हा विचार कुणाला सुचला नव्हता असं नाही. पण प्रत्येकाच्या मते तो दुसऱ्या कुणीतरी करायचा होता.

अधिकाऱ्याने महिन्याची मुदत दिली. साहेबांनी लगेच आपत्कालीन पथक बनवलं: सगळे विभागप्रमुख. "समन्वय कोण करणार?" असं त्यांनी विचारताच सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये गेल्या. नेमक्या त्याच वेळी गाड्यांच्या फेऱ्यांचा कागद सहीसाठी घेऊन घड्याळबाई आत आल्या, आणि काम त्यांच्या गळ्यात पडलं.

बावीस वर्षं त्या डिलिव्हरीच्या गाड्या सोडत होत्या. आठ पाचची गाडी त्या आठ सहाला सोडत नसत, म्हणून ड्रायव्हरांनी ठेवलेलं ते नाव. त्यांनी पथकाची यादी वाचली आणि चष्मा काढला.

"साहेब, करते. पण माणसं मी निवडणार."

"का? ही काय वाईट आहेत?"

"वाईट नाहीत हो. जागेवर नाहीत. यातले तिघं कायम दौऱ्यावर, आणि दोघांना खालचा जिना कुठे उघडतो तेही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांची यादी फळ्यावर लागली. फाटकावरचा रखवालदार. इमारतीची सगळी वायरिंग तोंडपाठ असलेला वायरमन. फोन घेणाऱ्या काकू. गाडीवरचे सगळ्यात जुने एक ड्रायव्हर. आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, कारण कुठलं दार पावसाळ्यात फुगून अडतं ते त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

खरेदीप्रमुख यादीपुढे उभे राहून मोठ्याने हसले. "हे पथक आहे की राखीव खेळाडूंचा संघ?"

"राखीव तर राखीव," बाई म्हणाल्या. "मैदानावरचे लंगडायला लागले की तेच लागतात."

म्हटलं खरं, पण घरी आल्यावर त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांचे यजमान शाळेत खेळाचे मास्तर होते. जेवताना त्यांनी विचारलं, "काय अडलंय?"

"अहो, माणसं मोजायची कशी? छप्पन्न जण आहेत. मोजायला लागलं की कुणी इकडे सरकतं, कुणी तिकडे. तीनदा मोजले, तीन आकडे आले."

"मोजतेस कशाला? मी सहलीला मुलं मोजतच नाही, जोड्या लावतो. ज्याने त्याने आपला जोडीदार दिसतोय का तेवढं बघायचं. नाही दिसला तर बोंब मारायची. तुझे लोक माझ्या मुलांपेक्षा वाईट असतील असं वाटत नाही."

"तुम्ही आमचे लोक पाहिले नाहीत," बाई म्हणाल्या, पण त्याच रात्री जोड्या लिहून काढल्या.

पुढचे चार आठवडे त्यांनी सगळ्यांचा जीव नकोसा करून सोडला. घंटा कधीही वाजायची. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडताच वाजायची, मीटिंग रंगात आली की वाजायची. काकूंनी टेलिफोन कंपनीचा पिच्छा पुरवून मुख्य नंबर सहा मोबाइलवर वळवायची सोय करून घेतली. वळवला तरी ते मोबाइल घेऊन बसायचं कुठे, हा प्रश्न होताच. समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलचा वरचा वर्ग सकाळी रिकामा असायचा. बाई मालकाकडे गेल्या. त्याने डोकं खाजवून अट घातली: आमच्या शिकाऊ मंडळींना तुमच्या आवारात गाडी मागे घ्यायचा सराव करू द्या. बाईंनी हो म्हटलं. जुने ड्रायव्हर मात्र हे ऐकून दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

रोज संध्याकाळी काकू सगळ्या रुग्णांची यादी विभागवार छापून त्या वर्गातल्या कपाटात ठेवू लागल्या. खरेदीप्रमुखांनी तिथेही नाक खुपसलं. "सगळं कॉम्प्युटरवर असताना हा कागदाचा चुराडा कशाला?"

"एक दिवस कॉम्प्युटर नसेल म्हणून."

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, तळघरातल्या विजेच्या पॅनलने पेट घेतला.

वायरमनने धावत जाऊन घंटा दाबली आणि मेन स्विच पाडला. आधी सगळ्यांना वाटलं, बाईंचाच खेळ. मग जिन्यात काळा धूर दिसला. पाच मिनिटांच्या आत लोक आवारात आले. जोड्या लागल्या आणि हिशोबाचा कारकून एकटाच उभा राहिला.

"माझा जोडीदार नाही!" त्याचा आवाज फाटला होता. "खरेदीसाहेब. दुसऱ्या मजल्यापर्यंत माझ्यासोबत होते. चष्मा राहिला म्हणून मागे फिरले. त्याशिवाय त्यांना दोन हातांवरचं दिसत नाही."

मोठे साहेब दाराकडे धावले. बाई आडव्या आल्या.

"बाजूला व्हा! माझा माणूस आहे तो."

"माझाही आहे. पण तुम्ही आत गेलात तर एकाचे दोन शोधावे लागतील." बाई दारातून हलल्या नाहीत. "बंब निघालाय. त्यांच्याजवळ मुखवटे आहेत, तुमच्याजवळ रुमाल आहे."

साहेब थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं ऐकावं तसे थांबले.

बंब आला. जवानांना बाईंनी एका दमात सांगितलं: दुसरा मजला, डावीकडून तिसरं टेबल, पांढरा शर्ट, चष्म्याशिवाय. मावशी पुढे झाल्या. "धुरात ते पुढच्या जिन्याने येणार नाहीत, मागचा धरतील. तिथलं खालचं दार अडतं. ढकलू नका, खालून उचला आणि मग ओढा." दोन जवान मागच्या बाजूला पळाले.

बाईंना तिथेच उभं राहायचं होतं. त्या माणसाने महिनाभर त्यांची टिंगल केली होती, आणि आता तो जिवंत बाहेर यावा यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं. पण काकूंनी कोपराला धरलं. "अग्निशमनवाल्यांनी सगळ्या भागाची वीज तोडायला लावलीय."

सगळ्या भागाची वीज म्हणजे या भागातल्या घरांमधली यंत्रंही बंद. प्रत्येक घरी एक जादा सिलिंडर असायचा, तो दोनेक तास पुरणारा. बाईंनी एकदा इमारतीकडे पाहिलं, रखवालदाराला म्हणाल्या, "कळलं की मला सांगा," आणि रस्ता ओलांडला.

वर्गात त्या पोचल्या तेव्हा सहाही मोबाइल वाजत होते. कपाटातली यादी निघाली. या भागात एकतीस घरं होती. काकू आणि पाच जण फोनला बसले: "घाबरू नका, जादा सिलिंडर लावा, गाडी निघालीय." गाडी मात्र निघाली नव्हती. खिडकीतून बाईंनी पाहिलं, तर फाटकात ड्रायव्हिंग स्कूलची लहान गाडी आडवी अडकलेली, आणि आत एक शिकाऊ आजोबा स्टिअरिंग घट्ट धरून बसलेले. त्यांना गिअर सापडत नव्हता आणि उतरायला ते तयार नव्हते.

"मी सांगत होतो!" जुने ड्रायव्हर खालून ओरडले.

"नंतर सांगा!" बाई वरून ओरडल्या. "उचला!"

आठ माणसांनी आजोबांसकट गाडी उचलली आणि भिंतीकडेला ठेवली. पाठोपाठ चार ट्रक बाहेर पडले.

अकराच्या सुमाराला रखवालदार धापा टाकत वर आला. "सापडले! त्या मागच्या दाराशीच बसले होते. खोकतायत, पण शुद्धीवर आहेत. दवाखान्यात नेलं." बाईंनी मान हलवली, पाठ फिरवून डोळे पुसले आणि पुढचा फोन उचलला.

त्या फोनवर एक घाबरलेली बाई होती. "माझे वडील... यंत्र आज सकाळीच बसवलंय तुमच्या माणसाने. जादा सिलिंडर संध्याकाळी देतो म्हणाला."

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. हे घर यादीत नव्हतंच. यादी कालची होती.

मग त्यांनी पत्ता लिहून घेतला, जवळच्या ट्रकला फोन लावला, आणि वडिलांना बसतं करून खिडकीशी न्यायला सांगत, त्यांचा श्वास कसा चाललाय ते दर मिनिटाला विचारत फोन धरून ठेवला. चौदा मिनिटांनी पलीकडे जुन्या ड्रायव्हरांचा आवाज आला, "बाई, लावला. ओठांचा रंग परत येतोय." साडेबारापर्यंत बाकीची एकतीस घरंही झाली.

इमारत नऊ दिवस बंद राहिली. कंपनी त्या वर्गात चालली, भिंतीवरच्या वाहतूक चिन्हांखाली, आणि नंबर एकदाही मुका झाला नाही. बुधवारी सकाळी साहेब सगळ्यांसमोर बाईंचं कौतुक करायला उभे राहिले. बाईंनी त्यांना दुसऱ्या वाक्यावर अडवलं.

"साहेब, काल एक घर आपल्या यादीत नव्हतं. त्यांच्या मुलीने फोन केला म्हणून वाचले. ते आपलं कर्तृत्व नाही." त्यांनी खडू घेतला. "आजपासून यादी दिवसातून तीनदा छापायची. जादा सिलिंडर दिल्याशिवाय यंत्र बसवायचं नाही. आणि आवारात शिकाऊ गाड्या फक्त रविवारी."

"बरं," साहेब म्हणाले. "आणि मी काय करू?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "दुपारी दोनच्या यादीसाठी काकूंना माणूस हवाय. कागद मोजून, विभाग लावून द्यायचे. जमेल?"

साहेबांनी बाह्या वर केल्या आणि काकूंच्या शेजारची खुर्ची ओढली.