पिठाच्या पिशवीवरची पक्की टीप

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एका सज्जन गृहस्थाने पिठाच्या बाबतीत केलेली लबाडी, ती उघडकीस येण्याचा प्रकार व त्यायोगे त्यास लाभलेले समाधान यांचे यथामती कथन केले जाणार आहे. कृपया शेवटपर्यंत सोबत करावी.

शिंपीबाबांनी उभी हयात शिलाई यंत्रापुढे घालविली होती. सुनेला दिवस गेल्याचे कळताच आनंदाच्या भरात त्यांनी विहीणबाईंच्या देखत जाहीर केले, "माझ्या नातवंडाच्या पोटात फवारणीचा कणही जाणार नाही. पीठ येईल ते सेंद्रिय, मोठ्या दुकानातलं. आणि ते मीच आणणार."

मोठे दुकान म्हणजे काचेचे दार, मंद संगीत आणि तोंडाशी दोऱ्याने शिवलेल्या कागदी पिशवीतले पीठ. दुसऱ्याच पिशवीला बाबांची शिल्लक धापा टाकू लागली. शब्द तर दिलेला. अखेर ते मान खाली घालून बसथांब्यामागच्या सवलतीच्या दुकानात शिरले. तेथे माल खोक्यांतच मांडलेला, दिवा मिणमिणता; परंतु पिठाच्या प्लास्टिक पिशवीवर सेंद्रियचा तोच हिरवा शिक्का. घरी येऊन त्यांनी ते पीठ मोठ्या दुकानाच्या जपून ठेवलेल्या कागदी पिशवीत ओतले आणि सुईदोऱ्याने तिचे तोंड शिवून टाकले.

काम फक्कड झाले, मन मात्र खाऊ लागले. तो शिक्का खोटा निघाला तर? आपण नातवंडाच्या घासात काटकसर केली हे सुनेला कळले, तर ती पुन्हा आपले तोंड पाहील काय? सून जेवायला बसली, की बाबांच्या घशाखाली घास उतरत नसे.

सून पिठाच्या गिरणीत पिशव्या शिवण्याच्या यंत्रावर कामाला होती. मात्र ती गिरणी कोणकोणत्या दुकानांना माल पुरविते, याची चौकशी बाबांनी कधी केली नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरातून करवादल्या, "अहो, ही पिशवी आहे की तिजोरी? सुरी मोडायची माझी."

"द्या इकडे, आई." सुनेने दोऱ्यावरून बोट फिरविले आणि हसू दाबीत विचारले, "बाबा, ही टीप कुणी मारली?"

"दुकानवाल्यांनी. दुसरं कोण मारणार?"

"आमच्या यंत्राचा साखळी टाका असतो. टोक ओढलं की सगळा दोरा हातात येतो. ही तर सदऱ्याच्या बगलेला मारतात तसली उलटी टीप आहे."

बाबा उगाचच चष्मा पुसू लागले.

"बोला की," सासूबाई म्हणाल्या. "एरवी तर गप्प बसा म्हणून सांगावं लागतं."

बाबांनी सारे कबूल केले. "पोरी, मी नातवंडाच्या बाबतीत हात आखडता घेतला. ते पीठ कसलं आहे, देव जाणे."

"देवाला कशाला त्रास? मी जाणते ना. कागदी पिशव्या आणि त्या प्लास्टिकच्या, दोन्ही आमच्याच गिरणीत एकाच कोठीतून भरतात. सकाळी या, दुपारी त्या. धान्य तपासून आलेलं, सेंद्रियच. आमच्यातल्या निम्म्या बायका सवलतीच्या दुकानातूनच नेतात. मोठ्या दुकानात काचेचं दार आणि गाणी पिठातूनच वसूल करतात, बाबा."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही माझ्या आईसमोर एवढ्या थाटात शब्द दिलात, तो मी कसा खाली पाडू? पहिल्याच पिशवीला ही टीप दिसली, तेव्हा उलट बरं वाटलं. म्हटलं, सुटले बाबा त्या दुकानातून."

बाबांचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी त्यांनी त्या दुपारी मागून वाढून घेतले. पुढच्या खेपेस तर ते प्लास्टिकची पिशवी खांद्यावर मिरवीत भर रस्त्याने घरी आले. दारातच मात्र थबकले.

"विहीणबाई आल्या तर गं?"

"तेवढी एक पिशवी शिवून ठेवा," सून म्हणाली. "पण साखळी टाका घाला. बसा, मी शिकवते."

उभ्या हयातीत प्रथमच शिंपीबाबा शिवण शिकायला बसले, तेही आनंदाने.

आपला अमूल्य वेळ देऊन ही कथा वाचल्याबद्दल समस्त वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
नाना कापडवाले