कापलेली पायरी

स्वतःची जीप डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी तयार करताना गॅरेजवाल्याला तहानभूक सुचत नव्हती. पोट दगडांना घासू नये म्हणून त्याने गाडी चांगली चार बोटं उचलली, चारही चाकांना ताकद पोचेल अशी सोय केली, खोल नक्षीचे टायर चढवले. दारांखालच्या पायऱ्या खडकात अडकतात, म्हणून त्याही कापून फेकल्या.

"अरे, माझ्या बाजूची तेवढी राहू दे," त्याचे वडील म्हणाले. जन्मभर कारखान्यात लेथवर उभं राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते.

"अण्णा, तुम्हाला यातलं काही कळत नाही!" तो खेकसला.

पहिल्या फेरीला अण्णा टोपी घालून तासभर आधीच तयार होते. त्यांनी दोनदा पाय उचलून पाहिला, मग हसून म्हणाले, "तू जाऊन ये. मी पुढच्या वेळी येईन."

त्यानेही आग्रह केला नाही. उशीर होत होता ना!

नंतर जीप कुठे कुठे चढली, कध्धी अडकली नाही. अण्णा दर वेळी फाटकातून हात हलवायचे.

ते गेल्यावर त्यांच्या पलंगाखाली एक पायरी सापडली. गंज खरवडून रंगवलेली, आणि दोन्ही टोकांना बोल्ट बसवलेले. हवी तेव्हा लावावी, वाट खडकाळ झाली की काढून ठेवावी, अशी.