बंद दाराची खोली

"काका, तुम्ही सकाळपासून एक शब्द बोलला नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासारख्यांना विचारल्याशिवाय हे केंद्र उभं करायचं नाही, म्हणून तर बैठक बोलावली."

मशीनवाले काका ओशाळले. तीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करून त्यांच्या बोटांत तेल मुरलं होतं, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. सरकारी दवाखान्यात आनुवंशिक आजारांची तपासणी करणारं आणि सल्ला देणारं केंद्र निघणार होतं. असे आजार ज्यांच्या घरात होऊन गेले, अशा आठ-दहा जणांना बोलावलं होतं. काकांचा मुलगा स्नायू झिजत जाण्याच्या आजारानं एकोणिसाव्या वर्षी गेला होता. मुलगी आता लग्नाची होती. "बाबा, तुम्ही जाच," असं तिनंच बजावून त्यांना पाठवलं होतं.

दवाखान्याच्या अधिकाऱ्यांनी समोर आराखडा मांडला होता. बाह्यरुग्ण विभागाच्या कोपऱ्यात पडदा लावून एक टेबल, दोन खुर्च्या. तपासणीचा निकाल टपालानं घरी.

"पडदा नको," काका म्हणाले. "भिंतीला नुसते कान असतात, साहेब. पडद्याला तोंडही असतं."

लोक हसले. काका हसले नाहीत.

"आणि निकाल घरी धाडू नका. जिची तपासणी, तिच्याच हातात द्या. दार लावून. पुढे कुणाला सांगायचं, ते तिचं ती ठरवेल."

"अहो काका, इथं पाय ठेवायला जागा नाही," अधिकारी म्हणाले. "वेगळी खोली कुठून आणू? आणि घरच्यांपासून काय लपवायचं? घरचे काय वाईट चिंततात?"

"वाईट कोण चिंततं?" काका म्हणाले. "आमच्या मुलाचं निदान आम्हाला व्हरांड्यात सांगितलं. 'हे आईकडून येतं,' एवढंच. मी घरी आलो आणि जसंच्या तसं माझ्या आईला सांगितलं. दुसरं काही केलं नाही. त्या दिवसापासून घरात कुणाचं तान्हं मूल आलं, की आई ते माझ्या बायकोच्या हाती देईना. आणि मी... मी एखादं मशीन उघडून बसायचो. ऐकूच येत नसल्यासारखा."

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "अजून काय लिहू, काका?"

"जो सांगेल, त्यानं आधी सांगावं की यात कुणाचा दोष नसतो. मग बाकीचं."

घरी बायको भाजी निवडत बसली होती. काकांनी तिला सगळं सांगितलं; व्हरांडा, आई, काही वगळलं नाही. तिचा हात थांबला नाही.

"म्हणजे चारचौघांत बोललात."

"हो."

"बरं केलंत." मग देठं गोळा करता करता ती म्हणाली, "सासूबाई होत्या तेव्हा बोलायचं होतं."

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

सात महिन्यांनी केंद्र सुरू झालं. मोडक्या खाटांची खोली रिकामी करून दिली होती. हवेचं नाव नव्हतं, पण दाराला आतून कडी होती. मुलीनं तिथं तपासणी करून घेतली. निकालाच्या दिवशी ती आईला घेऊन आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. काका बाहेर बाकावर बसून राहिले.

अर्ध्या तासानं दोघी बाहेर आल्या. मुलीचे डोळे लाल होते, पण डोळे काय, सुटकेनंही भरून येतात. कागद तिनं पर्समध्ये ठेवला होता. काका उठले. प्रश्न ओठांशी आला होता. तो त्यांनी गिळला.

"चला," ते म्हणाले, "ऊन चढायच्या आत घरी पोचू."

मायलेकी पुढे निघाल्या, खांद्याला खांदा लावून, हलक्या आवाजात काही बोलत. काका चार पावलं मागे राहिले. वाटेत त्या दोघी थांबल्या, तेव्हा तेही तिथंच थांबले.