निशाणटेकडीवरचा चुना

तानाबाई आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या, असं म्हटलं तर ती शुद्ध थाप होईल. चौतीस वर्षं बीबी गावच्या अंगणवाडीत काढलेल्या बाईला खोटं न बोलून कसं चालेल? तपासणीला आलेल्या मॅडमना, रजिस्टर मागणाऱ्या साहेबांना, पोराचं वजन विचारणाऱ्या आयांना त्यांनी बिनदिक्कत काय वाटेल ते सांगितलं होतं आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेल्या होत्या. पण एक खोटं मात्र मनातून जात नव्हतं.

अंगणवाडीतल्या प्रत्येक पोराला त्या तेच चित्र शिकवत. दोन टोकदार डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी. एकदा पुष्पांजली नावाच्या चार वर्षांच्या पोरीनं खडू थांबवून विचारलं, "बाई, तुमी गेल्त्या का डोंगरावर?" तानाबाई खिचडी ढवळत होत्या. पातेल्यातून नजर वर न काढता त्या म्हणाल्या, "हाव." पोरगी म्हणाली, "खरंच?" "हाव म्हणलं ना. खाय गुमान."

बाईंनी जवळून डोंगर पाहिलाही नव्हता. पुष्पांजली आता दोन लेकरांची आई झाली होती आणि त्यांना त्याच अंगणवाडीत सोडताना सांगायची, "या बाई डोंगरावर जाऊन आल्या बरं." प्रत्येक वेळी तानाबाईंना ओशाळल्यासारखं व्हायचं. एवढ्याशा पोरीला फसवलं, याची त्यांना खरोखर लाज वाटत होती.

म्हणून निवृत्तीनंतर लेकीनं, धम्मशीलानं, "आई, कुठं जायचं सांग, मी नेते," असं विचारलं तेव्हा तानाबाई लगेच म्हणाल्या, "मले डोंगरावर ने."

धम्मशीला बुलढाण्याला नर्स होती. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे तिनं स्वतः उजेडात धरून पाहिला होता. "डोंगराच्या पायथ्याशी नेते," ती म्हणाली. "वर चढायचं नाव काढायचं नाही." एवढ्यावर तडजोड झाली. तडजोड झाली असं धम्मशीलाला तरी वाटलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी दोघी सोनाळ्याच्या पुढं, संत्र्यांच्या बागेला लागून असलेल्या रवीच्या कॅम्पवर पोचल्या. पाच तंबू, एक चूल, हातपंप आणि मागं निशाणटेकडी. रविवारी टेकडीवर चढायला लांबून लांबून माणसं येत. रवी आणि त्याची बायको अश्विनी दोघंच सगळं सांभाळत. शेजारच्या तंबूत मोताळ्याहून आलेला अकरम होता, कापडाच्या दुकानाला एक दिवस कुलूप लावून आलेला, आणि त्याची पाच वर्षांची उमैमा. उमैमा आल्यापासून एकच विचारत होती, "अब्बा, डोंगर कधी चढायचा?"

तंबूत झोपायची तानाबाईंची पहिलीच वेळ. कापडी भिंतीला हात लावून त्या दोनदा हसल्या. झोप छान लागली आणि सवयीप्रमाणे साडेपाचला उघडली. लेक गाढ झोपलेली. बाहेर येऊन बघतात तर चांदण्यात अंगणभर पाचोळा. आता, दिसलेला पाचोळा तसाच सोडायचा म्हणजे तानाबाईंच्या जिवावर येणार. हातपंपापाशी खराटा होता. त्यांनी पदर खोचला.

अंगण झालं. मग वाटेच्या तोंडाशी त्यांना चुना दिसला. कुणाच्या तरी पोत्याला भोक पडलेलं असणार, वाटेत सांडत गेलाय! चुना आणि लेकरं एका जागी म्हटल्यावर बाईंचं माथं फिरलं. कुण्या पोराच्या डोळ्यात गेला तर? त्यांनी तो झाडून खड्ड्यात लोटला आणि वर माती ओढली. मान वर केली तर चाळीस पावलांवर अजून सांडलेला.

"काय माणसं हाये बाप्पा," असं पुटपुटत त्या तिथं गेल्या. तिथलं झाडलं तर पुढं आणखी. एका खैराच्या झाडाखाली, एका आडव्या दगडाजवळ, मग जिथं दोन वाटा फुटत होत्या तिथं तर चांगला पसाभर. प्रत्येक ठिकाणी सांडणाऱ्याचा नव्यानं उद्धार करत, खराटा टेकत टेकत तानाबाई वर सरकत राहिल्या. चढायला बंदी होती, झाडायला नव्हती. हा विचार त्यांच्या मनात आला की नाही ते सांगता येत नाही. गुडघा कुरकुरत होता, पण तो घरीही कुरकुरायचाच.

शेवटचा चुना झाडून त्यांनी पाठ सरळ केली आणि पुढं वाटच नव्हती. सगळीकडं नुसतं आभाळ होतं. खाली संत्र्याच्या बागा, सोनाळ्याची घरं, धुक्यात दूरवर पसरलेली शेतं. उजेड येत होता. तानाबाई दगडावर बसल्या आणि सूर्य कुठल्या दोन डोंगरांच्या मधून निघतो ते बघू लागल्या. तो कुठल्याच डोंगरांच्या मधून निघाला नाही. डावीकडच्या एका सपाट धारेवरून, कुणाला न सांगता सवरता, वर आला. चौतीस वर्षं शिकवलेलं चित्र चुकलेलं होतं. तानाबाईंना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. बराच वेळ त्या तिथं नुसत्या बसून राहिल्या, आणि इतकं बरं त्यांना फार दिवसांत वाटलं नव्हतं.

खाली आल्या तेव्हा साडेआठ होत आले होते आणि कॅम्पवर गोंधळ माजला होता. धम्मशीला आईला शोधत बागेत हिंडत होती. रवी कपाळाला हात लावून वाटेच्या तोंडाशी उभा होता.

"सगळे बाण पुसले कोणं तरी!" तो अकरमला सांगत होता. "काल दुपारभर चुन्याचे बाण मारले म्या. लोकायले वर जाताना वाट समजावी म्हून. मले इथून हलता येत नाही, जेवणाचे रोडगे भाजाले जाळ पेटवला. फाट्यावर चुकीच्या वाटेनं गेलं का माणूस थेट नाल्यात उतरते. दिवाळीत दोघंजण दुपारपर्यंत सापडले नोयते. तुमाले असं कसं सोडू?"

"म्हंजे जायचं नाही?" अकरमनं विचारलं. उमैमाचा खालचा ओठ पुढं आला.

तानाबाईंच्या हातातला खराटा जड झाला. बाण! पोत्याला भोक पडलं नव्हतं तर. गप्प राहिल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि बोललं तर लेक बागेतून येऊन समोरच उभी होती, त्यांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघत. उमैमाच्या डोळ्यातून पहिला थेंब खाली आला.

"म्या पुसले," तानाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, चुना सांडला. लेकराच्या डोयात जाईन म्हून झाडला."

"कुठलोक?" रवीनं विचारलं.

"शेवटलोक, पार टोकापर्यंत."

"आई!" धम्मशीला ओरडली.

रवी आधी चिडला, मग त्याला हसू फुटलं. "शेवटलोक? खराटा घेऊन? मावशी, तरणे पोट्टे अर्ध्यातून वापस येतात!"

"कुठं कुठं होता ते मले ध्यानात हाये," तानाबाई घाईनं म्हणाल्या. "एकूणएक जागेवर शिव्या देल्या म्या. बोट दाखवून सांगतो."

"बस, फाट्यालोक सांगा," रवी म्हणाला. "त्याच्या वर एकच वाट हाये, चुकाचं कामच नाही."

धम्मशीलानं आईचा गुडघा दाबून पाहिला, सूज नव्हती. मग मोठा उसासा टाकून स्वतःच्या पिशवीतली पट्टी काढून घट्ट बांधली. "फाट्यापर्यंत," ती म्हणाली. "एक पाऊल पुढं नाही."

तर अशी वरात निघाली. पुढं खराट्याचा आधार घेत तानाबाई, मागं उमैमा, अकरम आणि धम्मशीला. "हा एक इथं होता. त्या खैराखाली दुसरा. आडव्या दगडाच्या उजवीकडून." एकही जागा चुकली नाही. फाट्यावर त्या थांबल्या आणि खराट्यानं डावी वाट दाखवली. "इथून सरळ वर. मी बसतो इथंच. धम्मा, तूबी जाय. पाहून ये."

धम्मशीला थोडी घुटमळली आणि गेली. अकरमही पुढं झाला. उमैमा मात्र दगडावर बसलेल्या तानाबाईंपुढं उभी राहिली.

"आजी, तुमी गेल्त्या का वरपर्यंत?"

"हाव," तानाबाई म्हणाल्या.

"खरंच?"

या वेळी समोर खिचडी नव्हती आणि नजर लपवायचं कारणही नव्हतं. तानाबाईंनी त्या पोरीच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"खरंच गेल्ती, माय."