रंगाची रेघ आणि खडूची रेघ

मित्रांनो, मी एक जुनं मेज आहे. मला जुनं म्हणा, खरबरीत म्हणा, राग नाही. पण माझे तुकडे करता येतील असं कोणी म्हणालं, तर माझी एकही फळी ते ऐकून घेणार नाही.

भिलाईच्या कडेला कुरुद आहे, तिथं टिकाराम सुतारानं मला घडवलं. सरईचं, म्हणजे सालाचं, लाकूड, हातात रंधा, ओठांवर विडी. काम संपल्यावर माझ्या पाठीवर हात फिरवत तो म्हणाला, "मंधात कुठीच सांधा नाही ठेवला बाप्पा. हे मोडनार नाही." ते वाक्य मी आजही अंगावर दागिन्यासारखं बाळगतो.

तो ऐंशीच्या दशकाचा काळ. पोलाद कारखान्याला बारीकसारीक सामान पुरवणारी वर्कशॉप तेव्हा आसपास पुष्कळ होती. अशाच एका वर्कशॉपात मी गेलो. तिथं हेल्मेट तयार होत. हेल्मेटचा रिकामा टोप माझ्या एका टोकाला यायचा, मग आत पट्टी, मग रिव्हेट, मग हनुवटीचा पट्टा, मग पुसून दाराजवळच्या खोक्यात. भट्टीसमोरच्या माणसाचं डोकं जे राखणार, ते आधी माझ्या पाठीवरून जायचं. केवढा मान तो!

माझ्यावर तिघी जणी काम करत, तिघीही विदर्भातून आलेल्या. सिंधुताई वयानं सगळ्यांत मोठ्या आणि हातानं सगळ्यांत चपळ. सत्यशीला मधली. आणि कांता. लहानपणी भाजल्यामुळे कांताच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. काम नीट करायची, पण हळू. घरात कमावणारी मात्र ती एकटीच.

वर्कशॉपचे मॅनेजर श्यामराव. त्यांनी एके दिवशी लाल रंगानं माझ्यावर दोन रेघा मारल्या. तीन सारखे भाग, तिघींना एकेक. आपला भाग सोडायचा नाही, रेघ ओलांडायची नाही. ज्याला सांधा नव्हता त्याला रेघा आल्या. रंग वाळला, माझा राग नाही वाळला.

झालं काय, कांतापुढे टोपांचा ढीग साचू लागला आणि दाराजवळ सत्यशीला रिकाम्या हातांनी उभी राहू लागली. सगळी रांग कांताच्या चालीनं चाले. कारखान्याला माल वेळेवर हवा होता. शेवटी श्यामराव मान खाली घालून म्हणाले, "कांताबाई, पुढच्या महिन्यापासून येऊ नका. रांग तुमच्यापाशी अडते."

कांतानं ढिगातला पुढचा टोप ओढला आणि कामाला लागली.

बोलला तो अरुणकुमार. वर्कशॉपातला नवाच इंजिनियर, भिलाईच्या सेक्टर दहामधून स्कूटरवर यायचा. "साहेब, रांग कांताबाईंपाशी नाही, तुमच्या रेघेपाशी अडते." त्यानं खडू घेतला आणि माझ्याच पाठीवर गणित मांडलं. संपूर्ण मेज म्हणजे एक पूर्ण काम. कांताचा वेग एक धरा, सत्यशीलाचा दोन, सिंधुताईंचा तीन. रेघा पुसा. शेवटची बाई हेल्मेट खोक्यात टाकेल आणि मागे येऊन मधलीच्या हातातलं अर्धवट काम घेईल. मधली मागे जाऊन पहिलीचं घेईल. पहिली नवा टोप उचलेल. "मग रांग कोणा एकीच्या वेगानं चालत नाही, तिघींच्या बेरजेनं चालते. कांताबाईंना काढलं तर सहातला एक जाईल."

"कागदावर सगळंच चालते," श्यामराव म्हणाले. "उद्या दाखव."

दुसऱ्या दिवशी फजिती झाली. शेवटची जागा सगळ्यांत चपळ हाताची, असं गणित सांगत होतं. पण वडीलधाऱ्या बाईला शेवटी उभं राहा म्हणायला अरुणकुमारची जीभ रेटेना. त्यानं मानानं सिंधुताईंना पहिलं उभं केलं आणि कांताला शेवटी. सिंधुताई भरभर काम उरकून सत्यशीलाच्या पाठीशी खोळंबल्या, सत्यशीला कांताच्या.

"झालं तुझं गणित?" श्यामरावांनी विचारलं.

तेव्हा कुठं त्यानं खरं सांगितलं. सिंधुताईंचा आवाज चढला. "शेवटी? जलमभर आमाले शेवटीच उभं केलं लोकायनं. ते सोडाले तर गाव सोडलं. आता गणितबी तेच सांगून राहिलं काय?"

मग कांता पहिल्यांदा बोलली. "ताई, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तुमी शेवटी कावून चालता? तुमाले कोनं सांगतलं काय? थकल्या बाईच्या कडेवरचं लेकरू घ्याले तुमी आपल्या मनानं मागं राहता. हे तसंच हाय. माझ्या हातचं घ्याले कोनी पायजे ना."

सिंधुताईंनी तिच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "आन पोरी, तुह्यं लेकरू," त्या म्हणाल्या. सत्यशीला खुदकन हसली.

काम जिथं जिथं एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाई, तिथं अरुणकुमार खडूनं खूण करी. सुरुवातीला खुणा भटकल्या, कधी अलीकडे, कधी पलीकडे. मग एकमेकींच्या जवळ येत येत एका जागी येऊन बसल्या. कोणी बसवल्या नाहीत, आपणहून बसल्या. आणि लाल रेघांपाशी तर मुळीच नाही. कांताच्या वाट्याला मेज थोडं आलं, पण तिच्यापुढं ढीग नव्हता आणि कोणाचेच हात रिकामे नव्हते. संध्याकाळी खोकी भरली. श्यामराव स्वतः रॉकेलचा बोळा घेऊन लाल रंग घासायला लागले. पुढे काम करताना सत्यशीला गुणगुणायची:

पहिला हात हळू बाई, शेवटचा भरभर,
मधी कोनाची रेघ नाही, काम वाहे झरझर.

नव्वदीत वर्कशॉप बंद झालं. मी परसात उन्हापावसात पडून राहिलो, अंगावर बुरा चढला. एक दिवस करवत घेऊन माणूस आला. "याचे तीन टेबल होतात," तो म्हणाला. ते कानावर पडताच शेजारच्या गल्लीतून कांता आली, केस पिकलेले. तिनं तो न वाकणाऱ्या बोटांचा हात करवतीखाली ठेवला.

"तीन नाही होत," ती म्हणाली. "आमी तिघी होतो तवाबी हे एकच होतं."

माणूस करवत घेऊन गेला. आता कांतामुळं मी विहाराच्या अभ्यासिकेत आहे आणि माझ्याभोवती मुलं पाढे लिहितात. मित्रांनो, मला तेलपाणी करा, पावसात टाकू नका, एवढं तर मागेनच. आणखीही एक मागतो. तुमच्यात कोणाचा हात हळू असेल, तर त्याला पहिली जागा द्या, आणि त्याच्या हातचं घ्यायला मागे या. आणि माझ्यावर रेघ ओढायचीच असेल, तर खडूची ओढा.